कानापुरतं साउंड कार्ड

चाल्यापाता, ११ मे

बासिलियाताई,

पाकीट हातात आल्या आल्या चुलीत घालू नकोस. चार ओळी वाच, मग खुशाल घाल. पैसे मागायला लिहीत नाहीये, आणि तू परत ये म्हणायलाही नाही. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ते साउंड कार्डाबद्दल, हे ऐकून नोएमीला हसू येईल. तिला म्हणावं, तुझा मामा होता तसाच आहे.

तर साउंड कार्ड. माझा कॉम्प्युटर बोलतो हे तुला माहीतच आहे, आंधळ्यांच्या संघाने तो दिला तेव्हा तू घरात होतीस. पडद्यावर लिहिलेलं तो कानात वाचून दाखवतो आणि ते मी माइकवर बोलतो. आवाज मात्र स्पेनहून आलेल्या एखाद्या पाद्र्यासारखा. मी त्याला पाद्रीबुवाच म्हणतो. कोणाला मुलगी झाली असो नाहीतर कोणाची गाय हरवलेली असो, बुवांचा सूर एकच.

निरोप अजून येतात गं. डोंगरापलीकडे अजून फोनला रेंज नाही. अमक्याने गुरुवारी गाढवं घेऊन रस्त्यावर थांबावं, तमकीने बी-बटाटे पाठवावेत, सगळं आपल्याच रेडिओवरून जातं. फरक एवढाच की आता मी स्टुडिओत जात नाही. ऑफिसातून निरोप टाइप होऊन घरी येतात, दुपारी मी ते बोलून रेकॉर्ड करतो आणि पाठवून देतो. संध्याकाळी सहाला आणि पहाटे साडेपाचला ते लागतात.

अडचण अशी आहे की पाद्रीबुवा आणि मी, दोघंही एकाच कार्डातून जातो-येतो. ते एकच दार. म्हणून दुसरं कार्ड पाहिजे, बुवांसाठी वेगळं. माझ्याकडे आहेत दीडशे पेसो. ओरुरोच्या बाजारात बोटाएवढी कांडी मिळते म्हणे, कॉम्प्युटरला मागून खुपसायची, चाळीस पेसो. पण संघातले लोक म्हणतात ती सळसळते. चांगली डबी घ्यायची तर नऊशे, म्हणजे विषय संपला. एक जण जुन्या कॉम्प्युटरातून उपटलेलं कार्ड फुकट देतोय. त्या माणसाने आजवर कोणाला नमस्कारसुद्धा फुकट केलेला नाही, त्यामुळे मला त्या कार्डाचीच भीती वाटते.

तू माझ्यासाठी चपला, कोट, दाताचा डॉक्टर, सगळं निवडलंस. एकही वस्तू वाईट निघाली नाही. डॉक्टरसुद्धा. म्हणून विचारतोय. कांडी घेऊ का थांबू?

दुसरं कार्ड अचानक का लागलं, असं तू विचारशील. एक बारीकसा घोटाळा झाला. विशेष काही नाही.

मे लागला की पडते तशी थंडी पडलीय. अंगणात बटाटे पसरलेत, रात्रीच्या दहिवराने गोठून छान कडक होतायत. या वर्षी वाळवलेल्या बटाट्याचा चुन्यो चांगला होईल.

सातुर्निनो


चाल्यापाता, २३ मे

ताई,

तुझं उत्तर मिळालं. तुमच्या कोचाबाम्बाच्या बसवाल्याने स्वतः घरी आणून दिलं, इतकं पातळ पाकीट बघून त्यालाही वाटलं असेल की आत काही राहून गेलंय.

हाताने लिहिलेलं पाद्रीबुवांना वाचता येत नाही. म्हणून सकाळी एल्फ्रीदामावशीच्या आपीच्या गाड्यावर गेलो. तुला मावशी आठवतच असेल, तिचा आवाज रेडिओला जोडायची गरज नाही. एका हाताने जांभळ्या मक्याची गरम आपी ढवळत, दुसऱ्या हाताने तुझा कागद धरून तिने रांगेतल्या सात-आठ लोकांसमोर वाचलं:

"मला काय विचारतोस? मी काय मशीन आहे?"

"पुढे?" मी म्हणालो.

"पुढे काही नाही. मागेपण बघितलं. कोरं आहे."

रांग खो खो हसली. कोणीतरी म्हणालं, "बहीण शोभते हं निरोपवाल्याची!" मीही हसलो, आपीचा पेला हातात धरून उभा राहिलो आणि जीभ भाजून घेतली. ताई, तो 'मशीन' शब्द माझाच होता. परत केलास ते बरं केलंस. तो इथे घरातच पडून राहिला, तुझ्याबरोबर काही गेलंच नाही, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

मग आता खरं सांगतो. घोटाळा बारीक नव्हता.

आजपर्यंत मी असं करायचो: एक निरोप बुवांकडून ऐकायचा, पाठ करायचा, बुवांना गप्प करायचं, मग बोलायचं. निरोपागणिक हे सगळं. चार मे रोजी सव्वीस निरोप होते आणि बोटं गारठलेली. मला कंटाळा आला. म्हटलं, बुवा कानात बोलत राहू देत, मी त्यांच्या मागोमाग बोलत जातो. तू शेजारी बसून कानात वाचायचीस तेव्हा आपण तसंच करत होतो ना! तासाभराचं काम पंचवीस मिनिटांत झालं. खूश झालो. परत ऐकून न बघता पाठवून दिलं.

बुवा माझ्या एकट्याच्या कानात नव्हते. त्या एकाच दारातून तेही रेकॉर्डिंगमध्ये शिरले होते. माझ्या आवाजाखाली, बारीक, पण स्वच्छ.

पंचवीस निरोपांना काही बिघडलं नाही. लोकांना वाटलं रेडिओवर जुळं झालंय. सव्विसावा होता विल्मेर कायोचा. मिठाच्या ट्रकवरचा विल्मेर. नाव वाचून तू खाली बसली असशील. मीही तो निरोप ऐकल्यावर क्षणभर थांबलो होतो, पण थांबून केलं काय, तर तेच जे नेहमी करतो. निरोपात लिहिलं होतं: "विल्मेर कायो, जिथे असेल तिथे. आई दामियाना आज सकाळी वारली. तो गाडीवर आहे, फार आजारी आहे एवढंच सांगा."

आपली रीत काय, तुला मी सांगायला नको. वाटेवरच्या माणसाला मरण सांगायचं नाही. आजारी म्हणायचं, लवकर ये म्हणायचं, बाकीचं त्याला दारात कळतं. तर मी माझ्या उत्तम मायाळू आवाजात म्हणालो, "विल्मेर, आई फार आजारी आहे, लवकर ये." आणि माझ्या खाली बुवा म्हणाले, "वारली. आजारी आहे एवढंच सांगा."

सगळ्या गावाने ऐकलं. पुढच्या तीन गावांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत लागलं, कारण पहाटे ऑफिसात कोणी जागं नसतं.

रेमिहियो मास्तर घरी आले. तेच अजून रेडिओ चालवतात आणि अजून शाळेत असल्यासारखेच खाकरतात. म्हणाले, "सातुर्निनो, मेलेल्या बाईची चेष्टा झाली." निरोप त्यांनी बंद केलेत. संत हुआनच्या सणापर्यंत, चोवीस जूनपर्यंत, मुदत दिलीय. तोपर्यंत फक्त एकच आवाज असलेलं रेकॉर्डिंग आणून दाखवायचं, नाहीतर ते स्वतः वाचणार. ताई, मास्तर वाचणार! बटाट्याचा भाव सांगतानासुद्धा ते दर स्वल्पविरामावर थांबतात. पण हसण्यावारी नेत नाही. ते निरोप गेले तर माझ्याकडे उरतं काय, तूच सांग. एक खाट आणि बोलणारा पाद्री.

विल्मेर पोचला. धडधाकट पोचला. त्याच्यासमोर जायची माझी अजून छाती होत नाही.

सातु


चाल्यापाता, ३ जून

ताई,

ओरुरोला जाऊन आलो. एकटाच, मिनीबसने, काठी घेऊन. तू असतीस तर वाटेत दोनदा "कोटाची बटणं लाव" म्हणाली असतीस. मी स्वतःलाच म्हणालो.

बाजारात साउंड कार्डाच्या गल्लीत दर दुकानात वेगळं कुम्बियाचं गाणं ठणाणा वाजत असतं. एका बाईच्या टपरीपाशी थांबलो. "या कासेरो," ती म्हणाली, जणू मी तिचं जन्माचं गिऱ्हाईक. "कसं हवं? हे बघा, सात बाजूंनी आवाज येतो यातून. दिवापण लागतो, निळा."

"बाई, निळा असो की हिरवा, माझ्यासाठी तो जळतोय कशाला?"

तिने तेव्हा वर बघितलं असावं. मग आवाज उतरवून म्हणाली, "गाणं लावून दाखवू?"

"गाणं नको. काहीच लावू नका. आवाज पूर्ण चढवा आणि काहीच लावू नका."

"काहीच न लावता काय ऐकणार?"

"तेच ऐकायचंय."

तिला वाटलं असेल म्हातारा ओरुरोच्या उन्हाने कामातून गेला. पण बाई भली. शेजारच्या दुकानदाराला ओरडून तिने कुम्बिया बंद करायला लावली, तो शिव्या घालत होता तरी. मग एकेक कांडी लावून मी शांतता ऐकली. पहिली कांडी तळणीसारखी चरचरत होती. दुसरीत कुठूनतरी टिकटिक. निळ्या दिव्याची सगळ्यात वाईट, दिवाच गुणगुणत होता बहुतेक. चौथी पस्तीस पेसोची, बिनदिव्याची. तिच्यात सळसळ होती, पण मंद, एकसारखी. मग मी विचारलं, "बोलायला लावल्यावर पहिलं अक्षर खाते का?" कारण या स्वस्त कांड्या झोपतात. मधे दोन क्षण शांतता मिळाली की डोळा लागतो त्यांचा, आणि 'मारिया' म्हटलं की 'रिया' ऐकू येतं. निरोपात असं झालं तर कोणाची तरी गाढवं भलत्याच माणसासाठी उभी राहतील. ही बया झोपत नव्हती.

माइकला कुठलं, कानाला कुठलं, हे मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. कॉम्प्युटरमधलं आधीचं कार्ड माझ्या माइकला, त्याचं चांगलं चाललंय. कांडी बुवांना. बुवांची सळसळ मला एकट्याला ऐकू येणार, आणि माझी काही तक्रार नाही. कानात कुजबुजणाऱ्याकडून मला स्वच्छ आवाज नको होता. त्याने बाहेर ऐकू जायचं नाही, एवढं एकच त्याच्याकडून पाहिजे होतं.

आणि ताई, त्या दुकानात उभं असताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं की मी काय शोधत फिरतोय.

अकरा वर्षं तू माझ्या डाव्या बाजूला बसलीस. उघड्या माइकपासून वीतभर. मी एक वाक्य बोलत असताना तू पुढचं वाक्य माझ्या कानात सोडायचीस, आणि एकदाही, एकदासुद्धा तुझा श्वास रेडिओवर गेला नाही. ज्या हिवाळ्यात तुला तो वाईट खोकला झाला होता, त्या हिवाळ्यातही नाही. तू तोंडात शाल कोंबून बसायचीस. मला लोकर चावल्याचा आवाज यायचा. तेव्हा मी काय म्हणायचो आठवतं? "हळू गं, ऐकू जाईल." पाणी दे म्हणालो नाही कधी. घरी जा, आज मी सांभाळतो, असंही नाही.

त्या पस्तीस पेसोंच्या कांडीची मी तासभर परीक्षा घेतली. तुझी कधी घ्यावी लागली नाही, म्हणून मला तुझी किंमतच कळली नाही. थँक्यू ताई. हे पत्रात लिहिणं सोपं जातंय, तोंडावर बोलायचं झालं असतं तर मी परत बटाट्यांवर आलो असतो.

आता पुढची गंमत ऐक. घरी येऊन कांडी खुपसली आणि बुवांना म्हटलं, आता या नव्या दारातून बोला. दोन दारांची नावं एकसारखी होती, मी भलतीच निवडली. बुवा गपकन मुके. आणि ते मुके झाले की मी पुन्हा आंधळा, कारण त्यांना परत बोलतं करायचं बटण कुठे आहे ते तेच सांगतात! सगळी दुपार तसाच बसलो. शेवटी एल्फ्रीदामावशीला हाक मारली. तिने चष्मा घरी ठेवला होता. पडद्याला नाक लावून एकेक अक्षर वाचत होती, जसं काही कॉम्प्युटर तिची शिकवणी घेतोय.

"वर काय लिहिलंय?"

"आ... ऊ... थांब रे, हे हलतं."

"माउसला हात लावू नको मावशी!"

"मग तूच कर! आणि काय रे, बासिलियाला घालवून ही असली यंत्रं आणलीस होय घरात?"

अंधार पडायच्या आत बुवा बोलले. कानात, फक्त कानात. मावशीला विचारलं, "काही ऐकू आलं?" ती म्हणाली, "काय ऐकू यायला पाहिजे होतं?" तिला मी मिठी मारली. तिच्या अंगाला लवंग-दालचिनीचा वास होता.

सातु


चाल्यापाता, १४ जून

ताई,

विल्मेरकडे गेलो होतो.

रेकॉर्डिंग तयार आहे, एकच आवाज आहे, पण मास्तरांना द्यायच्या आधी त्याला भेटल्याशिवाय मला माइकसमोर बसवेना. मावशीने त्याच्या दारापर्यंत सोडलं आणि "माझी आपी करपेल" म्हणून पळाली. खरं तर तिलाही ते बघवलं नसतं.

मी दारातच म्हणालो, "विल्मेर, मी सातुर्निनो वाराची. तुझ्या आईची माझ्या हातून विटंबना झाली. काय बोलायचंय ते बोल."

तो म्हणाला, "आत या काका. बाहेर गारठा आहे."

त्याने मला स्टुलावर बसवलं, कोकाची पानं माझ्या हातात ठेवली. त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट उघडत नाहीत. पानं देताना मला ते हाताला लागलं. कशामुळे, ते आपल्याला दोघांना माहीत आहे. मी तिथेच रडायला लागलो बघ. तो थांबला, पानं चावत बसला. मग सांगितलं.

"काका, त्या संध्याकाळी मी मिठाच्या मैदानावरून निघालो होतो. रेडिओ लावलेला. तुम्ही म्हणालात आजारी आहे, लवकर ये. माझा पाय दाबलाच गेला. आणि खालून तो दुसरा आवाज म्हणाला, वारली. मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. उतरलो आणि मिठावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. रडलो, ओरडलो, तिथे ऐकायला कोण असतं? मग पाण्याने तोंड धुतलं आणि चाळीसच्या वर न जाता घरी आलो. ती तर आता कुठे जाणार नव्हती."

त्याने आणखी थोडी पानं माझ्या हातात ठेवली.

"अप्पांच्या वेळेला तुम्ही फक्त आजारी म्हणालात. आजारी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं काका, मलाही माहीत होतं. पण 'आजारी'त एवढीशी फट राहते ना. असेल अजून, भेटेल अजून. त्या फटीपायी मी गाडी पळवली. वळणावर उलटली. मी दवाखान्यात होतो आणि इकडे त्यांना पुरून मोकळे झाले. आईला मात्र मी माझ्या हाताने खाली ठेवलं. या असल्या हाताने, पण ठेवलं. तुमच्या मशीनला माझा नमस्कार सांगा."

ताई, आता मी ते लिहितो जे दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, मास्तरांना नाही, कबुलीजबाब घेणाऱ्या खऱ्या पाद्र्यालाही नाही.

त्याच्या बापाचा कागद आला त्या दिवशी तू तो जसा होता तसा वाचलास, आणि मग पहिल्यांदाच कागदावर नसलेलं बोललीस. माझ्या कानात म्हणालीस, "सातु, वारला म्हण. पोरगं गाडीवर आहे, पळवील. वारला म्हण आणि घरच्यांना विचारून सांग की पुरायला थांबतील. सावकाश ये म्हण." मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि "आजारी आहे, लवकर ये" म्हणालो, कारण रीत तशी, आणि आवाज माझा, रेडिओवर नाव माझं, आणि तू काय, तू वाचणारी.

ट्रक उलटल्याची बातमी आली. तीन दिवस तू बोलली नाहीस. चौथ्या दिवशी एवढंच विचारलंस, "मी कानात बोलते ते तुझ्यापर्यंत पोचतं का रे?" त्यावर मी म्हणालो, "तू फक्त वाच. वाचायला मशीनसुद्धा मिळतं." आणि महिन्याभरात आणलंच.

मला तुझा राग आला नव्हता. तू बरोबर होतीस आणि ते कळणारे जगात आपण दोघंच होतो, मला ते घरात नको झालं होतं. असा तुझा भाऊ. त्याचं शर्टाचं बटणसुद्धा तू लावून दिलंस, आणि त्याने तुला घालवलं.

विल्मेर मशीनला नमस्कार सांग म्हणाला. मशीनला काय कळतंय? कागदावर होतं ते ते बोललं, चुकून. तू जाणून बोलली होतीस. तो नमस्कार तुझा आहे, मी मधे ठेवून घेतला नाही, इथे लिहून पाठवतोय. त्याला मी तिथेच बसून सगळं सांगितलं. मला वाटलं आता बाहेर काढतो. मग म्हणाला, "तुमच्या ताईंना म्हणावं, मिठाचं पोतं पाठवतो, त्या बाजूने जाईन तेव्हा." तर येईल. जागा करून ठेव.

सातु


चाल्यापाता, २५ जून

बासिलियाताई,

काल दुपारपासून निरोप सुरू झाले. मास्तरांनी माझं रेकॉर्डिंग तीन वेळा ऐकलं, चौथ्यांदा हेडफोन लावून ऐकलं, खाकरले आणि म्हणाले, "एकच आवाज आहे." मी म्हटलं, "मास्तर, आवाज एकच आहे, पण आजपासून रीत बदलतोय." त्यांना सांगितलं, मरणाचा निरोप आला की आधी घरच्यांना विचारायचं, पुरायला थांबाल का? थांबतो म्हणाले तरच निरोप घ्यायचा, आणि मग जे आहे ते सरळ सांगायचं. मास्तर म्हणाले, लोक चिडतील. मी म्हटलं, चिडू देत, पण पोचू देत.

पहिल्याच दिवशी तसा निरोप आला. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका म्हातारबाबांचा, मुलगी ओरुरोला बाजारात विणकाम विकते, जावई मिनीबस चालवतो. घरचे आधी नको म्हणाले. मास्तरांनी विचारलं, थांबाल का? ते आपसात बोलले. मग म्हणाले, थांबतो, दोन दिवस थांबतो, थंडी आहे.

बुवा कानात बोलले. मी त्यांना ऐकलं, आणि माझ्या आवाजात म्हणालो:

"तेओदोरा, तुझे वडील आज पहाटे वारले. घाई करू नका. नवऱ्याला गाडी थांबवू दे, रडून घ्या, काहीतरी गरम प्या. तुम्ही आल्याशिवाय त्यांना कोणी हलवणार नाही. सावकाश या."

बोलताना आवाज हलला माझा. अकरा अधिक दोन वर्षांत पहिल्यांदा. परत घेतला नाही, तसाच पाठवला.

पण ताई, तिथे थांबलो नाही, आणि त्याबद्दल तू चिडणार आहेस, म्हणून आधीच सांगतो. सगळे निरोप संपल्यावर मास्तरांना न विचारता मी आणखी एक बोललो. असा:

"ऐकणाऱ्या सगळ्यांना निरोप. अकरा वर्षं हे निरोप तुम्ही माझ्या आवाजात ऐकलेत. वाचत होती माझी बहीण बासिलिया वाराची. तुमची पत्रं, तुमचे जन्म, तुमची मर्तिकं, सगळं आधी तिच्या डोळ्यांनी बघितलं, मग मी बोललो. ती माझ्या शेजारी बसायची आणि तुम्हाला कधी ऐकू आली नाही. आज जे सावकाश या म्हणालो, ते दोन वर्षांपूर्वी तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, त्याचं दुःख विल्मेर कायोच्या घराने सोसलं. बासिलिया वाराचीचे आभार."

सहाला लागलं. मी एल्फ्रीदामावशीच्या गाड्यावर उभा राहून ऐकलं. तुझं नाव आलं तेव्हा नेमकी एक मोटरसायकल फटफटत गेली. मावशी तिच्या मागे धावली, डाव घेऊन. मग पहाटे साडेपाचला परत लागलं, तेव्हा मी घरी एकटा, अंथरुणात, आणि या वेळी नीट ऐकलं. दोन्ही शब्द. बासिलिया. वाराची. आपल्या रेडिओवर, सबंध खोऱ्यात.

सकाळी आपीच्या रांगेत एक म्हातारी मला म्हणाली, "माझ्या नातीच्या जन्माचा निरोप तिनेच वाचला होता का रे?" मी म्हटलं, "हो आजी, तिनेच." ती म्हणाली, "मग तिला सांग, पोरगी शाळेत जाते आता."

सांगितलं.

तुझा भाऊ,
सातुर्निनो